सागापायी गेलेलं राज्य

पोरांनो, करंजाड्याहून गोवा हायवेला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसतो. तिथल्या रानात साग आहे. त्याचं कोवळं पान तळहातावर चुरडलं, की मेंदी लावल्यासारखा हात लाल होतो. अभयारण्यातलं पान तोडायचं नाही हं, बांधावरचं चालेल.

हाच साग ब्रह्मदेशच्या रानातही आपला आपण उगवतो. तिथे मंडालेच्या राजवाड्यात सुपयालत नावाची राणी होती. तिचा नवरा थिबा १८७८ मध्ये गादीवर बसला तेव्हा तिला विशीही गाठायची होती, पण दरबारात शब्द तिचाच. गादी टिकवायला राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली, तिच्यात राणीचा आणि तिच्या आईचा हात होता असं सांगतात. इंग्रजांनी तर तिला राक्षसीणच ठरवलं. जिंकणाऱ्यांनी लिहिलेलं जरा जपूनच वाचावं.

आता सागाची गंमत ऐका. ओला साग पाण्यात बुडतो. मग डोंगरातला ओंडका दूर रंगूनला न्यायचा कसा? तिथले लोक झाड तोडायच्या आधी बुंध्याभोवतीची साल आणि तिच्या आतलं फिकट लाकूड गोल कापून काढत. मुळांचं पाणी त्या फिकट लाकडातूनच वर चढतं. ती वाट तुटली, की झाड उभ्याउभ्या वाळतं. दोन-तीन वर्षांनी तोडलं तर ते तरंगण्याइतकं हलकं झालेलं असतं. मग हत्ती ओंडके ओढ्यात आणून टाकायचे आणि पावसाळी पूर ते मोठ्या नदीपर्यंत न्यायचा. शिवाय सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. लाकूड तेलकट, पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जहाजं बांधायला सागच हवा. आपल्या फ्लॅटला प्लायची दारं. साग परवडतो कुणाला!

या लाकडाचा ब्रह्मदेशातला मोठा व्यापार एका मुंबईच्या कंपनीकडे होता. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३. कंपनी अजून आहे, आणि तुमच्या हातातल्या ब्रिटानियाच्या बिस्किटाशी तिचं नातं आहे! ओंडके नेले जास्त आणि दाखवले कमी, असा ठपका ठेवून १८८५ मध्ये थिबाच्या दरबारानं तिला लाखोंचा दंड ठोकला. दरबाराची फ्रेंचांशी सलगी इंग्रजांना खुपत होतीच, आता निमित्तही मिळालं. त्यांनी अटी धाडल्या. किनवुन मिंजी हा जुना मंत्री म्हणाला, नमतं घ्या. राणीनं लढायचंच धरलं. नोव्हेंबरात आगबोटी इरावतीतून वर आल्या आणि पंधरवड्यात राज्य बुडालं.

राजा-राणीला मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. धाकटी राजकन्या तिथेच जन्मली. भाट्याच्या खाडीवरचा थिबा पॅलेस १९१० चा, म्हणजे निम्म्याहून अधिक वनवास सरल्यावरचा. त्यातही साग ब्रह्मदेशचाच वापरला.

थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. सुपयालतला १९१९ मध्ये मायदेशी जाऊ दिलं, पण रंगूनपर्यंतच, मंडालेला नाही. ती १९२५ मध्ये गेली. थोरली राजकन्या मात्र रंगूनहून रत्नागिरीलाच परतली. तिथल्याच एका सावंतांशी तिचा संसार झाला होता.