सुखरूप सुटकेनंतरची भीती

‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’ असा निरोप गेला की घराची काळजी मिटते. काही बायकांच्या मनातून मात्र लेबर रूम महिनोन्‌महिने जात नाही. डोळा लागला की तोच प्रसंग, तेच आवाज. दवाखान्याचा वास आला तरी छाती धडधडते, बाळाच्या लसीसाठीही त्या वाटेने जाणं नको वाटतं. हे महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तो आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज पाहिला तर 100 बाळंतिणींमागे साधारण 4 जणींना तो होतो. प्रसूती फार गुंतागुंतीची झालेल्या किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं झालेल्या बायकांत हे प्रमाण कितीतरी वाढतं.

‘हा तर सैनिकांचा आजार!’ अमेरिकेत 1980 साली या निदानाला अधिकृत स्थान मिळालं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल होते, म्हणून ही समजूत पसरली. पण निदानाचा मूळ निकष आहे तो जिवावर बेतण्याचा. रक्तस्राव थांबत नाही, किंवा बाळाचे ठोके मंदावले म्हणून धावतपळत सीझरला नेत आहेत, तेव्हा त्या बाईच्या किंवा तिच्या बाळाच्या जिवावरच बेतलेलं असतं.

‘नॉर्मल झाली, मग आघात कसला?’ हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. फाइलवर ‘नॉर्मल’ लिहिलेली प्रसूतीही बाईला भयंकर वाटलेली असू शकते. आपल्याला काय होतंय हे कुणी सांगितलं का, तपासण्याआधी विचारलं का, जवळ आपलं माणूस होतं का, यावर पुढचं बरंच काही ठरतं, असं संशोधन सांगतं. कळा सोसणाऱ्या बाईवर खेकसणं, लाज काढणारे टोमणे मारणं, मांडीवर चापट मारणं हे आपल्याकडे आजही घडतं, आणि ते सोसायचंच असतं असं बायका एकमेकींना सांगत राहतात. मला याचा मनापासून राग येतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूक आणि कळांच्या वेळी सोबतीण या गोष्टी आहेत; जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये तीच शिफारस केली. प्रत्येक प्रसूतिकक्षात त्या पाळल्या गेल्याच पाहिजेत.

‘बाळाचं तोंड पाहिलं की सगळं विसरशील.’ प्रेमाने म्हटलं जातं, पण टोकाच्या भीतीची आठवण मागे पडलेल्या गोष्टीसारखी राहत नाही. आत्ताच घडतंय अशी ती उसळून येते. कधी बाळच त्या प्रसंगाची आठवण करून देतं. मग एखादी आई त्याच्यापासून आतून लांब जाते, तर दुसरी श्वास चालू आहे ना हे पाहत रात्रभर जागते. दोघींच्याही मायेवर शंका घेऊ नये.

बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि हा ताणविकार एकत्र असू शकतात, पण ते एकच नव्हेत. नैराश्य ओळखण्यासाठी वापरली जाणारी 10 प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली प्रसूतीच्या आठवणींबद्दल काहीच विचारत नाही, त्यामुळे आघात सोसलेली बाई नजरेतून निसटते.

‘बोल सगळं, मोकळी होशील’ हेही सरसकट खरं नाही. ऐकणारं माणूस हवंच, पण तिची तयारी नसताना सगळं वदवून घेतल्याने त्रास वाढू शकतो. गुण येतो तो प्रशिक्षित समुपदेशकासोबत टप्प्याटप्प्याने केलेल्या, आघातावर केंद्रित वर्तन उपचारांनी आणि डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणाऱ्या ‘ईएमडीआर’ या पद्धतीने. औषधाची गरज पडली तरी दूध तोडावं लागतंच असं नाही. सर्ट्रालिनसारखी औषधं अंगावर पाजतानाही डॉक्टर देतात.

मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. पुन्हा दिवस गेले, तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना मागचा अनुभव सांगावा, आणि सोबत कोण असेल, कुठली गोष्ट विचारल्याशिवाय करू नये, हे तेव्हाच ठरवून घ्यावं.