सलाईनमधला सोमल

केसपेपरवर ‘आर्सेनिक ट्रायऑक्साइड’ हे नाव वाचून नातेवाईक हादरतात, आणि त्यांची भीती खुळी नाही. हा सोमलच आहे. एके काळी उंदरांना आणि माणसांनाही मारायला वापरलेला. आज तो काचेच्या छोट्या अँप्युलमध्ये येतो: दहा मिलिलिटर, पाण्यासारखा नितळ, त्यात दहा मिलिग्रॅम औषध. रुग्णाच्या वजनावरून, किलोमागे 0.15 मिलिग्रॅम या हिशेबाने तो मोजतात, सलाईनमध्ये मिसळून एक-दोन तासांत शिरेतून देतात, आणि रक्ताच्या एका अतितीव्र कर्करोगातून बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. हे विष आहे आणि हेच औषध आहे, या दोन्ही गोष्टी रुग्णाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हव्यात असं मला ठामपणे वाटतं. या औषधाचे धोके वेळेत पकडता येतात, पण त्यासाठी रुग्णाचे आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे डोळे उघडे हवेत.

आजाराचं नाव अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टरांच्या तोंडी एपीएल. 1957 मध्ये नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी तो वेगळा ओळखला, तेव्हा रुग्ण काही आठवड्यांतच रक्तस्रावाने दगावत. पेशीतल्या 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात, त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि पांढऱ्या पेशी अर्धवट वयातच अडकून पडतात. या कच्च्या पेशी रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, न थांबणारी पाळी, असं काही दिसलं की हिमोग्राम त्याच दिवशी व्हायला हवा. एपीएलचा नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता अॅट्रा या औषधाच्या कॅप्सूल सुरू करतात, कारण मेंदूतला रक्तस्राव रिपोर्टसाठी थांबत नाही.

सोमलाच्या या गुणाचा शोध लागला तो ईशान्य चीनमधल्या हार्बिनला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या झांग टिंगडाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका खेड्यातलं गावठी औषध मिळालं. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष होतं. त्यांनी एकेक घटक वेगळा करून पाहिला. गुण सोमलाचा निघाला, बाकीचे दोन फक्त त्रास देत होते. जगाने लक्ष दिलं ते बरंच नंतर. 1997 मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी आजार उलटलेल्या पंधरा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, त्यातल्या चौदा जणांचा आजार पुन्हा आटोक्यात आला होता. अॅट्रासुद्धा शांघायचीच देणगी, वांग झेनयी यांची. अॅट्रा त्या जोडप्रथिनाचं एक टोक धरतं, आर्सेनिक दुसरं, आणि प्रथिन नष्ट होतं. 2013 मध्ये इटलीच्या फ्रांचेस्को लो-कोको यांनी दाखवलं की कमी जोखमीच्या रुग्णांत नेहमीची किमो न देता केवळ या दोन औषधांवर दोन वर्षांनी 97 टक्के लोक आजार न उलटता जिवंत होते. किमोच्या गटात हे प्रमाण 86 टक्के होतं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने त्याआधीच, 2006 मध्ये, एकट्या आर्सेनिकवर 72 रुग्णांचे निष्कर्ष मांडले होते. खर्च न झेपणाऱ्या देशाला त्या कामाचं मोल फार मोठं आहे.

आता उशाशी बसणाऱ्या माणसासाठी.

पहिल्या काही आठवड्यांत या औषधांचा सर्वांत मोठा धोका असतो तो अडकलेल्या पेशी एकदम पिकू लागण्याचा. ताप येतो, धाप लागते, पाय सुजतात, वजन वाढतं. म्हणून रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करावं आणि वहीत तारखेसह लिहावं. काल 54 होतं आणि आज 56 भरलं तर ती तब्येत सुधारल्याची खूण समजू नये. नर्सला तेव्हाच बोलवावं. डेक्सामेथासोन लगेच सुरू झालं तर हा त्रास बहुधा आवरतो. याच काळात पांढऱ्या पेशींचा आकडा चढतो आणि घरचे हबकतात. तो चढणं अपेक्षित असतं. त्यावरही औषध आहे.

दुसरा धोका हृदयाच्या लयीचा. वरचेवर ईसीजी काढतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासतात, ते यासाठीच. रक्त पुन्हापुन्हा काढलं म्हणून कुरकुर करू नये. जुलाब-उलट्या झाल्या तर हे क्षार घसरतात, म्हणून ते लपवू नये. धडधड, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की सलाईन चालू असतानाच सांगावं.

आजार आटोक्यात आल्यावर इंजेक्शन सहसा आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे घ्यायचं आणि चार आठवडे थांबायचं, अशा चार फेऱ्यांत चालतं. रुग्ण तेव्हा घरी किंवा धर्मशाळेत असतो, आणि मला सर्वांत काळजी वाटते ती याच टप्प्याची. मळमळलं म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ऑन्डान्सेट्रॉन, खोकला झाला म्हणून अॅझिथ्रोमायसिन, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल. एरवी साध्या वाटणाऱ्या या गोळ्या हृदयाच्या त्याच लयीला धक्का देतात. कुठलीही गोळी आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनही नको. अॅट्रा हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्याच कुळातलं, तेव्हा त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कॉड लिव्हर ऑइल वेगळं घेऊ नये. अॅट्रावर डोकं सतत ठणकलं, नजर अंधुक झाली तर कळवावं. जेवण तुटलेल्या माणसाला बोलताना गोंधळ होऊ लागला, तोल जाऊ लागला तर तेही त्याच दिवशी. बी-वनची कमतरता असू शकते.

आणि सोमल इतका गुणकारी आहे म्हणून कुणाच्या हातची मल्लाची, म्हणजे सोमलाचीच, पुडी घरी घेऊ नये. दवाखान्यातला डोस मोजलेला असतो, खाली ईसीजी आणि रक्ततपासणीचं जाळं असतं. पुडीमागे यातलं काहीच नसतं.

गर्भाला हे औषध घातक आहे. उपचारांत आणि संपल्यावर स्त्रियांनी सहा महिने, पुरुषांनी तीन महिने गर्भनिरोधन पाळावं. अंगावर पाजणं बंद ठेवावं. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर रुग्णाने काढावा. उपचार संपल्यावर त्या जोडप्रथिनाचा माग घेणारी पीसीआर तपासणी कधी करायची, ती तारीख मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय गावची गाडी धरू नये.