सेनापतीची अखेरची लढाई

अमेरिकी यादवी युद्धाचे विजयी सेनापती आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट १८८४ साली भागीदाराच्या लबाडीने पुरते नागवले गेले. राष्ट्राध्यक्षपदासाठी लष्करी हुद्दा सोडल्याने त्यांना निवृत्तिवेतनही नव्हते. त्यातच घशाचा कर्करोग जडला. पत्नी ज्युलिया आणि मुलाबाळांची तजवीज व्हावी म्हणून, असह्य वेदना सोसत, त्यांनी आत्मचरित्र लिहावयास घेतले. अमेरिकी काँग्रेसने हुद्दा परत बहाल केला तो मार्च १८८५ मध्ये. २३ जुलै रोजी, लेखन संपवून काही दिवसांतच, त्यांनी देह ठेवला. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेकडून ज्युलियांना सुमारे ४,५०,००० डॉलर मिळाले. कुटुंब तरले ते लेखणीमुळे, राष्ट्राच्या कृतज्ञतेमुळे नव्हे. वीरांचे पुतळे उभारणे सोपे. त्यांच्या चुलीची चिंता वेळेवर वाहणे, हीच कृतज्ञतेची खरी कसोटी होय.