अपबाहुक नव्हे, स्नायुविद्ध : एका वैद्याच्या खांद्याची हकिगत

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी हिवाळ्यात वैद्यकीय व्यावसायिक आणि वकील मंडळी यांच्यात क्रिकेटचा सामना होतो. या सामन्यापुरता तरी ॲलोपॅथी, होमिओपॅथी, आयुर्वेद असा पंथभेद उरत नाही. अकरा जण जमले तरी पुष्कळ, अशी स्थिती असते. जानेवारी २०२३ मधील अशाच एका सामन्यात उजवीकडून जाणारा चेंडू अडविण्यासाठी प्रस्तुत लेखकाने वयाचे भान न ठेवता झेप घेतली आणि लांबविलेल्या उजव्या हातावर सारा देह आदळला. चेंडू अडला. खांद्यात मात्र ओले कापड फाटावे तसे काहीसे जाणवले. वय त्या वेळी ४६ वर्षे.

दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्र काढले. अस्थिभग्न नव्हते, सांधाही निखळलेला नव्हता. एवढ्यावर मी निश्चिंत झालो आणि येथेच पहिली चूक झाली. क्ष-किरण चित्रात अस्थी दिसते. कंडरा दिसत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना शिकविणारा मी स्वतःपुरती विसरलो. आठ-दहा दिवसांत सूज ओसरली. हात खांद्याच्या पातळीपलीकडे उचलेना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. वाग्भटांनी अवबाहुकात नस्य आणि भोजनोत्तर स्नेहपान सांगितले आहे, हे आपणा सर्वांस मुखोद्गत असते. त्याप्रमाणे क्षीरबला तैलाचे नस्य, माषतैलाचा अभ्यंग, दशमूळाचा नाडीस्वेद, योगराज गुग्गुळ आणि लशुनक्षीरपाक असा क्रम सुरू केला. महिन्याभरात वेदना निम्म्याने कमी झाली. रुग्ण मीच आणि वैद्यही मीच. उपशय मिळाला, तेव्हा निदान बरोबर, असा निष्कर्ष काढून मोकळा झालो.

बळ मात्र येत नव्हते. वरच्या फळीवरील चूर्णाची बरणी डाव्या हाताने काढण्याची सवय नकळत लागली. खलात बत्ता फिरविता येई, पण उचलून आपटता येत नसे. मे महिन्याच्या अखेरीस पाठीला तेल लावताना आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, हा खड्डा पूर्वी नव्हता ना?” अंसफलकाच्या कंटकावरील पेशी आत बसली होती. साडेचार महिने मी जो व्याधी बरा होत आहे असे समजत होतो, तो आत शोष उत्पन्न करीत होता.

गावातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने तपासण्यास दोन मिनिटेही घेतली नाहीत. त्याने माझा हात स्वतःच्या हाताने वर नेला. तो विनासायास डोक्यापर्यंत गेला. मग म्हणाला, “आता सावकाश खाली आण.” हात काही अंशांपर्यंत उतरला आणि मग तुटलेल्या फांदीसारखा खाली पडला. पुण्यात एम.आर.आय. झाले. सुप्रास्पायनेटसची कंडरा बाहूच्या अस्थीपासून पूर्ण सुटून सुमारे अडीच सेंटिमीटर आत ओढली गेली होती. इन्फ्रास्पायनेटसचा पुढील भागही फाटलेला होता. पेशीत मेद उतरण्यास नुकताच प्रारंभ झाला होता.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकविलेला मोठा चेंडू. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम चार पेशींच्या कंडरांची एक वेढणी करते : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. कंडरा अस्थीपासून सुटली की ताणलेल्या रबरासारखी पेशी आत आखडते. वापर नाही म्हणून ती क्षीण होते आणि तिच्या तंतूंच्या जागी मेद साचू लागतो. एकदा मेद बराच साचला की पुढे कंडरा शिवली तरी पेशी पूर्ववत होत नाही. पुष्कळदा कंडरा अस्थीपर्यंत ओढताच येत नाही. अर्थात येथे काळ हा उपचाराचाच एक घटक आहे. वेदना मात्र याच काळात आपोआप कमी होत जाते आणि वैद्य व रुग्ण दोघांचीही फसगत करते.

मग अपबाहुक कोणता आणि कंडराविदार कोणता? चिकित्सालयात बसल्या जागी बराचसा भेद करता येतो. ज्याला आधुनिक परिभाषेत फ्रोझन शोल्डर म्हणतात, त्यात सांधा सर्व बाजूंनी जखडलेला असतो. रुग्णाने स्वतः हात फिरविला तरी अडतो आणि वैद्याने फिरविला तरी तेथेच अडतो. कोपर कुशीला टेकवून अग्रबाहू बाहेर वळविण्याची हालचाल विशेषेकरून गमावलेली असते. असा रुग्ण बहुधा चाळिशीपुढचा, अनेकदा मधुमेही आणि आघाताचा इतिहास नसलेला किंवा क्षुल्लक असलेला. उलट कंडरा तुटली असता परहस्ते चालन बहुतांशी पूर्ण असते, स्वतःच्या बळाने चालन नसते. पडल्याचा, हिसका बसल्याचा किंवा ओझे सावरल्याचा दिवस रुग्णाला तारखेनिशी आठवतो. आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. विशीच्या आतील मुलाचा खांदा निखळला तर तो पुन्हा पुन्हा निखळण्याचे भय अधिक; चाळिशीनंतर प्रथमच निखळला तर कंडरा फाटली असण्याचा संशय आधी घ्यावा. सोनोग्राफीतही हा विदार चांगला दिसतो आणि तिला एम.आर.आय.च्या मानाने खर्च पुष्कळ कमी येतो.

आपल्या ग्रंथांत हा विचार नाही असे समजण्याचे कारण नाही. तो आहे, मी चुकीचे प्रकरण उघडले होते एवढेच. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अवबाहुक सांगितला, तो अंसदेशी स्थित वायू अंसबंधनाचा शोष करतो असा. परंतु सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात स्नायुविद्धाची लक्षणे स्वतंत्र दिली आहेत : अवयवाचा अवसाद, क्रियेविषयी अशक्ती, तीव्र वेदना, उशिरा भरणारा व्रण. शारीरस्थानात तर फळ्या बांधून केलेल्या नावेचा दृष्टांत देऊन ते पुढे स्पष्टच म्हणतात की अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या हानीपेक्षा स्नायूची हानी देहाला अधिक घातक. अंस हा स्नायुमर्म, वैकल्यकर. त्याच्या आघाताने बाहू स्तब्ध होतो. अंसफलक मर्माच्या आघाताने बाहूंत स्वाप आणि शोष. माझ्या पत्नीला दिसलेला खड्डा ग्रंथात होता. (येथे एक भाषिक गोंधळही नोंदवावासा वाटतो. व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी. संहितांत स्नायू म्हणजे बंधन आणि कंडरा. रुग्णाशी बोलताना आपण कोणता अर्थ वापरतो, याचे भान आपल्यालाच राहत नाही.)

शस्त्रकर्म जून २०२३ मध्ये पुण्यात झाले. ठरलेल्या तारखेपेक्षा दोन आठवडे उशिरा, आणि तेही माझ्याच चुकीने. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारले, “सध्या कोणती औषधे चालू आहेत?” मी उत्तरलो, “काही नाही, आयुर्वेदिकच आहेत.” उत्तर तोंडातून गेल्यावर मलाच लाज वाटली, कारण हेच उत्तर आपले रुग्ण इतरत्र देतात तेव्हा आपण संतापतो. त्यांनी शांतपणे नावे मागितली. लशुन आणि गुग्गुळ यांचा रक्तस्रावाशी आणि अश्वगंधेचा निद्राकर औषधांशी संबंध येऊ शकतो. शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे वनौषधी थांबवाव्यात असा भूलतज्ज्ञांचा सर्वसामान्य आग्रह असतो. औषधालयचालक बंधूंना येथे एक विनंती. सांधेदुखीच्या गोळ्या मागावयास आलेल्या गिऱ्हाइकाचे शस्त्रकर्म ठरले आहे का, एवढे विचारावे, आणि देयकावर ‘आयु. गोळ्या’ असे न लिहिता कल्पाचे पूर्ण नाव लिहावे. घटक अज्ञात असलेली, दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी तर देऊच नये. तीत स्टेरॉइड असल्यास जंतुसंसर्गाचे भय वाढते आणि जी कंडरा जुळावयाची ती जुळण्यात विघ्न येते.

शस्त्रकर्माविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्या वेळी मी निद्रिस्त होतो. आरामखुर्चीत बसविल्यासारखी देहस्थिती, तीन लहान छिद्रे, त्यांतून दुर्बीण व उपकरणे. अस्थीत बसविलेल्या धागायुक्त खिळ्यांनी कंडरा मूळ स्थानी बांधली गेली. मानेच्या मुळाशी दिलेल्या बधिरीकरणामुळे उजवा हात सुमारे सोळा तास दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा अंथरुणावर पडून होता. या अवस्थेत कोणी प्रेमाने शेक देऊ गेले तर त्वचा भाजेल आणि रुग्णाला कळणारही नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे. पहाटे बधिरता उतरली. त्यानंतरचे दोन दिवस मी आठवू इच्छीत नाही.

पुढे सहा आठवडे हात काखेत उशी असलेल्या झोळीत. सुश्रुतांनी अंससंधी निखळला असता काखेत मुसळ देऊन तो वर उचलावा, जागेवर बसवावा आणि स्वस्तिकबंधाने बांधावा असे सांगितले आहे. बंध सैल असेल तर संधी स्थिर होत नाही, घट्ट असेल तर शोफ, वेदना व पाक होतो, हा त्यांचा इशारा त्या झोळीच्या पट्ट्यांशी झुंजताना मला रोज आठवे. आडवे झोपता येत नसे, रात्र खुर्चीत. नाडी डाव्या हाताने पाहावी लागे, चिकित्सापत्र सहायक लिही. दुसऱ्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्ट मुलगी हात स्वतः हलवी. मला बळ लावण्यास सक्त मनाई. कमरेत वाकून हात लंबकासारखा लोंबता सोडण्याचा व्यायाम त्यांपैकीच. तो बोस्टनचे शल्यविद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरील त्यांचा ग्रंथ १९३४ चा. सातव्या आठवड्यापासून स्वतःच्या बळाने चालन, तेराव्यापासून बलवर्धन : प्रथम स्पंजाचा गोळा, मग रबरी पट्टी, मग अर्धा किलोचे वजन. हस्ततलाच्या भग्नानंतर प्रथम मातीचा गोळा, मग सैंधवाचा खडा आणि बळ आल्यावर पाषाण धरावयास द्यावा, हा चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायातील क्रम मी तिला सांगितला. तिने तो वहीत उतरवून घेतला आणि वजन मात्र वाढविले नाही.

तेलाविषयी अनेक सहकाऱ्यांनी विचारले. मान, कोपर, मनगट येथे पहिल्या आठवड्यापासून नारायण तैल लावले. खांद्यावर व्रण पूर्ण रुजल्यावर व झोळी निघाल्यावर, तेही केवळ तळहाताने, मर्दन न करता; मर्दन आणि बलवान स्वेद बारा आठवड्यांपर्यंत वर्ज्य. पोटात, शल्यविदांच्या संमतीने, लाक्षादि गुग्गुळ आणि बलासिद्ध क्षीर. याने कंडरा लवकर जुळली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास मजजवळ आधार नाही. ताठरता सुसह्य झाली आणि झोप लागू लागली, एवढे खात्रीने सांगतो. मध्यम वयात संधी स्थिर होण्यास तारुण्याच्या दुप्पट काळ लागतो हे सुश्रुतवचन प्रत्ययास आले. श्रेयस अय्यर २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावून घेतो, एप्रिलमध्ये शस्त्रकर्म होते आणि सप्टेंबरात तो मैदानावर परततो. मला हात पूर्ण वर नेण्यास नऊ महिने लागले. बहिर्वलन आजही थोडे उणे आहे. आता सामन्यात मी पंचाचे काम करतो.

झोळीच्या त्या सहा आठवड्यांत काम नव्हते म्हणून डाव्या हाताने जुनी चिकित्सापत्रे चाळीत बसलो. अपबाहुक असे निदान लिहिलेल्यांपैकी तिघांच्या पत्रांवर मीच आघाताचा उल्लेख केला होता आणि पुढे त्याचा विचारच केला नव्हता. दोघे बरे असल्याचे कळले. तिसरे बाजार समितीत हमाली करणारे, पंचावन्नच्या घरातले. मालमोटारीवरून पोते घेताना हिसका बसला, असे पत्रावर माझ्याच अक्षरात होते. मी त्यांना आठ महिने नस्य आणि तैल दिले होते. त्यांना बोलावून घेतले, हात वर नेऊन सोडला, तो पडला. माझ्याच शल्यविदांनी विनामूल्य तपासले. पेशीत मेद पुरता उतरला होता, कंडरा ओढून येण्याजोगी राहिली नव्हती. ज्या पेशी शाबूत आहेत त्यांचे बळ वाढविणे, एवढाच मार्ग त्यांनी सांगितला.

“तुमचा झाला की बरा,” ते मला म्हणाले, “म्या बी तवाच आलो आस्तो तर.” ते तेव्हाच आले होते, हिसका बसल्यापासून नवव्या दिवशी. ते मी त्यांना सांगितले, आणि पत्रावरील तारीखही दाखविली. ते काही बोलले नाहीत. अजूनही दर बुधवारी व्यायामासाठी येतात. हात छातीपर्यंत उचलतो. समितीत आता ते पोती मोजण्याचे काम करतात आणि ओझे त्यांचा मुलगा वाहतो.