दस्तरखानावर विज्ञानाचे प्रश्न

रात्रीचे जेवण आटोपले की मुलांना विज्ञानाचे दोन-तीन प्रश्न विचारून पाहा. पण अमुक शोध कोणी लावला, असले नकोत. पाठ असेल तोच बोलतो. आम्ही वर्गात विचारतो ते असे : ईदचा चंद्र पश्चिमेलाच का शोधायचा? नवी कोर आकाशात सूर्याच्या जवळच असते, म्हणून त्याच्यामागोमाग तीही मावळते. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. रोज शिट्या मोजणाऱ्या अम्मीलाही हे सांगायला आवडेल.

वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून का? प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, आवाज जेमतेम ३४० मीटर. मधले सेकंद मोजून ३ ने भागा, वीज किती किलोमीटरवर होती ते कळेल. (मोजायचे मात्र घरात बसून!)

थोरला भाऊ झटकन ओरडतो आणि उत्तर ठाऊक असलेली बहीण गप्प बसते, हे आम्ही नेहमी पाहतो. म्हणून मिनिटभर कोणी बोलायचे नाही. सर्वांनी कागदावर लिहायचे, वाचायला सुरुवात धाकटीपासून. चुकले तर हसू नये, 'असं का वाटलं?' एवढेच विचारावे. गुण तर मांडूच नका. अब्बूंनाही उत्तर आले नाही, तर पुस्तक सर्वांनी मिळून उघडावे.

आजचा प्रश्न : काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला, तर पाणी सांडेल का? आधी लिहा, मग पेला भरा.