चढणीवरचे गाणे

कळसूबाईच्या (१६४६ मीटर) वाटेवर, लोखंडी शिडीच्या थोडे अलीकडे आमच्या नववीतली एक मुलगी मटकन खाली बसली. "सर, आता नाही चढवत," एवढेच कसेबसे बोलली. बारी गाव सोडल्यापासून मुले गाणी म्हणत होती, तीही म्हणत होती. आवाज पडला की "म्हणा, म्हणा!" असे मीच ओरडत होतो. गाण्याने चढ हलका होतो, असा माझा जुना अनुभव.

अनुभव खोटा नव्हता, अर्धा होता. ४० किलो वजनाचे मूल १०० मीटर उंची चढते तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३९,००० ज्यूल कार्य होते. स्नायूंची कार्यक्षमता फार तर २५ टक्के धरली, तर निदान चौपट ऊर्जा खर्ची पडते. म्हणून तर घाम येतो. गाण्याने या हिशेबातून फारसे काही वजा होत नाही. कमी होते ती श्रमाची जाणीव.

ही जाणीव मोजायला स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. सहापासून का? तर आकड्याची दहापट केली की निरोगी तरुणाच्या नाडीचे ठोके साधारण मिळावेत म्हणून. इंग्लंडमधील ब्रूनेल विद्यापीठाचे कोस्टास काराजॉर्गिस यांच्या अभ्यासांनुसार, हलक्या ते मध्यम व्यायामात संगीत ऐकल्यास श्रमाची जाणीव सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. आपले लक्ष मर्यादित असते. त्यातला काही भाग गाण्याकडे गेला की पायांच्या तक्रारी कमी ऐकू येतात. मात्र चढ उभा झाला की फुप्फुसांचे आणि स्नायूंचे संदेश इतके जोरात येतात की गाणे मागे पडते.

हे झाले ऐकण्याचे. स्वतः गाण्यात आणखी एक अडचण आहे. गाताना श्वास झटकन घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवून सोडायचा असतो. चढताना शरीराला नेमके उलटे हवे असते, भराभर श्वास. त्या मुलीला मी दोन्ही एकदम करायला लावत होतो!

दिवेघाट चढणारे वारकरी हे कोड सहज सोडवतात. एकजण चरण म्हणतो, बाकीचे मागून उचलतात. मधल्या वेळात श्वास भरून घेता येतो, आणि ताल टाळ-मृदंगाने चालूच राहतो.

व्यायामाचा जोर ओळखायला डॉक्टरही हीच खूण सांगतात. गाता येते तोवर श्रम हलके. बोलता येते पण गाता येत नाही, ते मध्यम. चार शब्दांनंतर दम घ्यावा लागला तर तीव्र. त्या मुलीचे "नाही चढवत" ऐकताना हे मला सुचले नाही. अर्धा तास बसून, पाणी पिऊन ती हळूहळू शिखरावर आली. गाणी मात्र आम्ही बंद ठेवली होती.

आता सहलीत गाण्याची पहिली ओळ रांगेतल्या शेवटच्या मुलाने म्हणायची असते. त्याला ती एका दमात पुरी करता आली नाही, की सगळी रांग थांबते.