फिरता फोन, कायम ओळख
लेखमाला : बिनतारी जगाची ओळख (लेखांक ६)

एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे जाताना बोलणे का तुटत नाही, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आजचा प्रश्न त्यापुढचा : जाळेच बदलले तर?

कडोलीच्या घरी वायफायवर व्हिडिओ कॉल चालू आहे आणि तुम्ही बस धरायला बाहेर पडलात. वायफाय सुटते, मोबाईल डेटा लागतो आणि कॉल अडकतो. कारण इंटरनेटवरचा आयपी पत्ता फोनचा नसतो, तो जोडलेल्या जाळ्याचा असतो. जाळे बदलले की पत्ता बदलतो. समोरचा मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो.

मुलगा सैन्यात असलेल्या घरांना यावरचा उपाय ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. जवानाला पत्र लिहिताना नाव, हुद्दा, युनिट आणि ‘५६ एपीओ’ एवढे पुरते. पलटण सध्या कुठे आहे, हे लष्करी टपाल पाहते. ओळख कायम, ठिकाण बदलते.

१९९६ साली आलेल्या ‘मोबाईल आयपी’ने हेच केले. मूळ जाळ्यातला एक ‘गृहप्रतिनिधी’ तुमचा नवा पत्ता टिपतो आणि आलेला मजकूर तिकडे धाडतो. पण तुम्ही कोल्हापुरात, मित्र कागलात आणि गृहप्रतिनिधी बंगळुरात असेल, तर मित्राचा मजकूर बंगळूरला जाऊनच तुमच्याकडे येतो. तो प्रतिनिधी बंद पडला, तर सगळेच थांबते.

मग ही नोंदवही अनेकांत वाटून का ठेवू नये? २००१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘कॉर्ड’ ही रचना मांडली. तिच्यात सगळे संगणक एका कड्यात बसतात आणि प्रत्येकाकडे नोंदींचा थोडाच वाटा असतो. कोणालाच सगळे माहीत नसते, पण पुढे कोणाला विचारायचे हे प्रत्येकाला माहीत असते. प्रत्येक विचारणेत उरलेले अंतर निम्म्याहून कमी होते, म्हणून दहा लाख संगणकांतही सरासरी दहाएक टप्प्यांत नोंद सापडते.

या पायावर बर्कलेच्या संशोधकांनी २००२ मध्ये ‘आय-थ्री’ आणि २००३ मध्ये खास फिरत्या उपकरणांसाठी ‘रोम’ उभे केले. फोन आपली ओळख आणि सध्याचा पत्ता कड्यातल्या एका संगणकाकडे नोंदवतो. पाठवणारा फक्त ओळखीच्या नावे पाठवतो. जाळे बदलताना जुना व नवा असे दोन्ही पत्ते काही काळ नोंदवता येतात, म्हणून मजकूर गळत नाही. नोंद जवळच्या संगणकाकडे ठेवता येते, म्हणून वळसा वाचतो. एखादा संगणक बंद पडला, तर फोन नोंद ताजी करतो तेव्हा ती दुसऱ्याकडे जाते.

ही जाळी प्रयोगशाळेबाहेर फारशी रुजली नाहीत. ओळख आणि पत्ता वेगळे ठेवण्याचा विचार मात्र टिकला. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ नियमावलीत प्रत्येक जोडणीला स्वतःची ओळख असते, त्यामुळे वायफाय सुटले तरी ती जोडणी चालू राहू शकते.

ही नोंदवही कोणी खोटी भरली तर काय, हे पुढील लेखांकात पाहू.